उलट्यांची वही, ड्रिप आणि क्लेमची फाईल

गरोदरपणात उलट्यांनी जीव नकोसा झालाय म्हणून तुम्ही हे वाचत असाल, तर बाकी काही वाचायच्या आधी एक साधी वही घ्या आणि आजपासून रोज तीन गोष्टी लिहायला लागा. सकाळचं वजन, दिवसभरात पोटात टिकलेलं पाणी, आणि लघवी किती वेळा नि कुठल्या रंगाची झाली. मला पुढे डॉक्टरांसमोर, इन्शुरन्सच्या टेबलावर आणि ऑफिसच्या एचआरपुढे, तिन्ही ठिकाणी त्या वहीनेच तारलं. आता सगळं पहिल्यापासून सांगते, कारण त्या दिवसांत मी रात्र रात्र मराठीत असं काहीतरी शोधत होते आणि मिळत होतं ते सगळं "सकाळी उठल्यावर कोरडं बिस्कीट खा" इथवरच.

१ जुलै २०२४ला टेस्ट पॉझिटिव्ह आली. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, सासू-सासरे आणि आम्ही दोघं, आणि माझं ऑफिस सुपर कॉरिडॉरवर, म्हणजे रोजचं चांगलंच लांब जाणं-येणं. पहिले आठ-दहा दिवस काहीच नव्हतं, मी तर मनात म्हटलं आपण सुटलो. मग ११-१२ जुलैपासून मळमळ सुरू झाली ती आधी कॅबमध्ये. मला लहानपणापासून गाडी लागते, महू-मानपूरचा घाट आला की आई माझ्या हातात पिशवी देऊन ठेवायची, त्यामुळे वाटलं तेच असेल. गाडी लागण्यामागचं कारण सोपं आहे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय आणि मोबाईलवर टेकलेले डोळे सांगतात आपण जागच्या जागी आहोत, मेंदूला दोन्ही बातम्या जुळवता येत नाहीत आणि पोट ढवळतं. म्हणून पुढच्या सीटवर बसायचं, लांबवर समोर बघायचं, काच थोडी खाली, मोबाईल पर्समध्ये. हे सगळं केलं आणि खरंच थोडा फरक पडला, पण मग गाडीतून उतरल्यावरही मळमळ थांबेना, आणि चार-पाच दिवसांत तर घरात पलंगावर पडल्या पडल्याही तेच.

इंदूरमध्ये मळमळणाऱ्या बाईची सकाळ फार वाईट जाते. सातच्या आत प्रत्येक कोपऱ्यावर पोह्यांची पातेली वाफेवर चढलेली असतात, शेजारी जलेबीची कढई, पोह्यांवर जिरावण म्हणजे भुरभुरायचा मसाला. ज्या वासाने मी पंचवीस वर्षं उठत आले त्या वासाने आता तोंडावर ओढणी धरून पळायचे. घरात हिंगाची फोडणी, कुकरची शिट्टी, सासऱ्यांची उदबत्ती, नवऱ्याचा डिओ, सगळ्यावर बंदी आली. सासूबाईंनी बिचाऱ्यांनी महिनाभर फोडणी मागच्या अंगणात गॅसची छोटी शेगडी ठेवून केली, भर पावसात, डोक्यावर छत्री धरून. त्यांना हे मी कधी नीट बोलून दाखवलं नाहीये.

१६ जुलैला पहिल्यांदा डॉक्टरकडे. फी ७००, सोनोग्राफी १४००. ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांच्यासाठी, प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ भरावा लागतो, पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या कायद्याचा, त्यात नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव, आधीची मुलं किती, शेवटच्या पाळीची तारीख आणि खाली सही की मला मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही. आधार कार्डाच्या चार-पाच झेरॉक्स पर्समध्येच ठेवा, नाहीतर उमासे देत देत झेरॉक्सचं दुकान शोधत फिरावं लागतं. दुसरं म्हणजे काउंटरवर सवयीने सांगतात, "मॅडम, एक लीटर पानी पीके आओ". आतून करायच्या सोनोग्राफीला भरलेलं ब्लॅडर लागत नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बहुतेक वेळा आतूनच करतात, तर आधी विचारा आणि मगच पाणी प्या. सोनोग्राफीत एकच बाळ, ठोके आहेत, सगळं ठीक. जुळं असलं किंवा मोलर प्रेग्नन्सी म्हणजे बाळाऐवजी वारेचीच विचित्र वाढ होत असली तर उलट्या जास्त होतात, म्हणून ते आधी बघतात.

दुसऱ्याच दिवशी आषाढी एकादशी. घरात साबुदाण्याची खिचडी, तुपात जिरं तडतडलं आणि मी मोरीकडे धावले, त्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या त्या मग मोजायचंच सोडून दिलं. सगळे सांगत होते होतं असं पहिल्या वेळी, आम्हालाही झालं होतं, तीन महिने काढ. खोटं नव्हतं ते, दहापैकी सात-आठ बायकांना मळमळ होतेच. म्हणून तर शंभरात एक-दोघींना जे होतं ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्याचं नाव हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम. आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन जातं, पाणी टिकत नाही, रक्तातले क्षार बिघडतात. ते साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं, नवव्या-दहाव्याला शिखरावर असतं, आणि बहुतेकींचं सोळा ते वीस आठवड्यांत ओसरतं. काहीजणींचं मात्र शेवटपर्यंत राहतं, ते पण खरं आहे.

डॉक्टरांनी डॉक्सिलामीन आणि बी-६ एकत्र असलेली गोळी दिली, रात्री दोन, मग लागली तर सकाळी एक, दुपारी एक. गोळीला घरात विरोध झाला. सासूबाईंचं म्हणणं पहिल्या तीन महिन्यांत गोळी नाही घ्यायची म्हणजे नाहीच घ्यायची. मी आधी चिडले, नंतर वाचल्यावर कळलं की त्या पिढीच्या भीतीला कारण होतं. थॅलिडोमाइड नावाचं औषध १९५७मध्ये जर्मनीत बाजारात आलं, बऱ्याच देशांत ते गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं गेलं, आणि १९६१मध्ये बंद होईपर्यंत हजारो मुलं हातापायांची वाढ न होता जन्मली होती. पण डॉक्सिलामीनची गोष्ट बरोबर उलटी आहे. ते १९५६पासून वापरात होतं, अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांना कंटाळून कंपनीने १९८३मध्ये ते स्वतःच मागे घेतलं, बाळांना अपाय होतो असं काही सिद्ध झालं नव्हतं, आणि २०१३मध्ये तिथल्या औषध खात्याने पुन्हा मंजुरी दिली. हे मी घरात सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले मग घे बाई, आणि विषय संपला. या गोळीने झोप खूप येते, गाडी चालवू नका. आणि ती हळू विरघळणारी असते, तोडून किंवा चावून घेऊ नका, मला पहिल्यांदा मेडिकलवाल्याने हे सांगितलं नव्हतं.

सासूबाईंचे घरगुती उपायही चालू होतेच. आल्याचा तुकडा, आवळा सुपारी, लिंबाची फोड हुंगणं, मनगटावर बिंदू दाबणारा पट्टा. साध्या मळमळीला आलं थोडंफार उपयोगी पडतं असं डॉक्टरही म्हणाल्या, पण माझ्या घशातून खाली उतरेल तर ना. उलट आल्याने वर येताना जी आग व्हायची ती वेगळीच.

जुलै संपता संपता लाळ सुरू झाली. याबद्दल कुणीच सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. तोंडात सतत पातळ लाळ, गिळली की उलटी, त्यामुळे मी घरात स्टीलचा पेला घेऊन फिरायचे आणि त्यात थुंकायचे, ऑफिसमध्ये टिश्यूचा डबा आणि झाकणाची बाटली. लाज वाटायची. ते पण याच आजाराचा भाग असतं आणि उलट्या कमी झाल्या की जातं. दातांसाठी एक, उलटी झाल्या झाल्या ब्रश करू नका, ॲसिडने मऊ झालेलं आवरण घासलं जातं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने.

याच सुमारास वही सुरू केली, ती माझ्या मावशीमुळे. ती नर्स होती, देवासला असते, फोनवर तिने विचारलं, "लघवी केव्हा झाली शेवटची?" आणि मला आठवेना. ती म्हणाली किती वेळा ओकलीस ते मला सांगू नकोस, किती टिकलं ते सांग. मग मी मापाचा कप घेतला, खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो, दहा मिलीचा, आणि प्रत्येक घोट लिहायला लागले. ३१ जुलै, दिवसभरात टिकलेलं पाणी साधारण ४०० मिली, लघवी दोनदा, गडद पिवळी. ३ ऑगस्ट, २०० मिली, एकदा, चहासारखी. वजन जूनमध्ये ५४.६ होतं, ५ ऑगस्टला ५०.८. म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, आणि मी तोवर "थोडी अशक्त झालेय" एवढंच सगळ्यांना सांगत होते.

डॉक्टरांकडे पीयूक्यूई म्हणून एक मोजपट्टी असते, फक्त तीन प्रश्न. चोवीस तासांत किती तास मळमळ, किती वेळा उलटी, किती वेळा कोरडे उमासे. प्रत्येकाला एक ते पाच मार्क, सहापर्यंत सौम्य, बारापर्यंत मध्यम, तेरा आणि वर गंभीर. माझे चौदा आले. वही नसती तर मी "बऱ्याचदा" म्हटलं असतं आणि "बऱ्याचदा"ला मार्क नसतात.

मध्ये एकदा घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं, तिथे काही न तपासता ग्लुकोजची बाटली आणि एक पिवळी बाटली लावून दिली, ८०० रुपये. दोन-चार तास तरतरी आली आणि रात्री पुन्हा तेच. त्याबद्दल पुढे सांगते, कारण मोठ्या हॉस्पिटलात आल्यावर कळलं की नुसतं ग्लुकोज चढवणं अशा वेळी का बरं नाही.

८ ऑगस्टला सकाळी उठून बाथरूमपर्यंत गेले आणि डोळ्यांपुढे काळं. आदल्या दुपारपासून लघवी नव्हती. मावशीने सांगून ठेवलं होतं की आठ तास लघवी नाही किंवा चोवीस तास पाणीसुद्धा टिकत नाही, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, आणि उलटीत रक्त, ताप, पोटात जोरात दुखणं, एकाचे दोन दिसणं किंवा बडबडायला लागणं यातलं काही असलं तर सरळ इमर्जन्सी. नवऱ्याने गाडी काढली. रस्त्यात मेट्रोच्या कामाचे पत्रे, डायव्हर्जन, प्रत्येक गतिरोधकावर मी पिशवीत. एक छोटी सूचना, साध्या पिशवीत पेपर नॅपकिन नाहीतर जुनं फडकं तळाला घालून ठेवा, हिंदकळत नाही.

इमर्जन्सीत आधी वजन, मग झोपवून आणि उभं करून बीपी. उभी राहिल्यावर बीपी पडत होतं, नाडी ११८. शिरा सापडेनात. सिस्टरने रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून त्याला गाठ मारली आणि तो माझ्या मनगटावर ठेवला, पाच बोटं फुगलेला तो पांढरा हात माझ्या हातावर पडलेला, आणि ती शेजारी उभी राहून माझ्या हातावर टिचक्या मारतेय, "आ जाओ, आ जाओ" करत, मला म्हणतेय की शिरेला हे तिचं तिलाच ठाऊक. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. लघवीत किटोन, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होतं ते, चार प्लस, पोटॅशियम २.९, लिव्हरचे आकडे जरा वर, थायरॉईडच्या तपासणीतलं टीएसएच एकदम खाली. थायरॉईडचं ऐकून मी घाबरले, पण डॉक्टर म्हणाल्या की गरोदरपणातलं एचसीजी हार्मोन दिसायला टीएसएचसारखं असतं, तेच थायरॉईडला चाळवतं, थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन टी-४ नॉर्मल आहे, गोळी नको, काही आठवड्यांनी परत बघू. तसंच झालं, ऑक्टोबरात नॉर्मल आलं. किटोनबद्दलही त्यांनी समजावलं की चार प्लस बघून घाबरायचं नाही आणि एक प्लस बघून बिनधास्त व्हायचं नाही, नुसत्या किटोनवरून शरीर किती सुकलंय ते कळत नाही, मी तुमचं वजन आणि रक्ताचे रिपोर्ट बघून अ‍ॅडमिट करतेय. मग त्यांनी वही मागितली, चार पानं उलटली आणि केसपेपरवर जसेच्या तसे आकडे उतरवले. हे वाक्य लक्षात ठेवा, क्लेमच्या वेळी कामाला आलं.

ड्रिप लावायच्या आधी शिरेतून थायमिन दिलं, म्हणजे बी-१. मी कारण विचारलं. साखर जाळायला शरीराला बी-१ लागतं, आठवडेच्या आठवडे खाल्लेलं टिकलं नसेल तर त्याचा साठा संपत आलेला असतो, अशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ त्यात खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते, वर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. दुर्मिळ आहे पण होतं. म्हणून बाटली कुठेही लावा, "ग्लुकोज लावणार असाल तर आधी थायमिन द्याल ना?" एवढं विचारा. मला नॉर्मल सलाईनमध्ये पोटॅशियम घालून हळूहळू दिलं, ते हातात जळजळतं, सहन होत नसेल तर सांगा, वेग कमी करतात. उलट्यांसाठी ऑन्डान्सेट्रॉन. त्याबद्दल नेटवर खूप घाबरवलेलं आहे, बाळाचा ओठ दुभंगतो वगैरे. डॉक्टरांनी सरळ आकडे दिले, मोठ्या अभ्यासात दहा हजार बाळांमागे अकराची चौदा झाली होती. मी दोन मिनिटं विचार केला आणि हो म्हटलं. कुणी नाही म्हणेल, ज्याचा त्याचा निर्णय, पण आकडा ऐकून घ्या, नुसतं "धोका आहे" ऐकून नका ठरवू. त्या औषधाने बद्धकोष्ठ मात्र भयंकर होतं, पहिल्याच दिवशी त्यावरचं औषध मागून घ्या. पडून राहिल्याने आणि पाणी कमी झाल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते म्हणून दर दोन-तीन तासांनी सिस्टर ड्रिपच्या स्टँडसकट मला व्हरांड्यात चालवायची.

खाली नवरा टीपीएच्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्यांच्या, टेबलावर. माझी ऑफिसची ग्रुप पॉलिसी आणि त्याची घरची वेगळी. घरच्या पॉलिसीत मॅटर्निटी नव्हतीच, तिथे सरळ एक्सक्लुजन १८ दाखवलं, बाळंतपणाशी संबंधित खर्च नाही. स्वतःची पॉलिसी उघडून हे कलम आत्ताच वाचून ठेवा, एक्टोपिक म्हणजे गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ आणि अपघाताने झालेला गर्भपात सोडून बाकी बहुतेक सगळं त्यात अडकतं. ऑफिसच्या पॉलिसीत मॅटर्निटीची मर्यादा ५०,०००. टेबलावरचा मुलगा म्हणाला, "सर, ये तो मॅटर्निटी में से ही कटेगा", म्हणजे आत्ता जेवढे वापराल तेवढे डिलिव्हरीला कमी. तरी कॅशलेस टाकलं. संध्याकाळी क्वेरी आली, उलट्यांवर ओपीडीत उपचार होऊ शकले असते, अ‍ॅडमिट का केलं. डॉक्टरांनी पत्र दिलं, पण दुसऱ्या दिवशी नागपंचमी, मग शनिवार-रविवार, फाईल तिकडे कुणी बघेना. १२ ऑगस्टला सोमवारी डिस्चार्ज, कॅशलेस अजून "अंडर प्रोसेस", शेवटी कार्ड काढून भरले. २७,६४०. त्यात बेड आणि नर्सिंग बारा हजारांच्या वर, बाकी तपासण्या, औषधं आणि डॉक्टरांच्या व्हिजिट.

रात्री झोप यायची नाही तेव्हा मी डॉक्टरांच्या हाताखालच्या मुलीला छळायचे की हे मलाच का. ती शिकाऊ होती, उत्साहाने सांगायची. बाळाच्या वारेतून जीडीएफ-१५ नावाचं प्रोटीन रक्तात येतं आणि मेंदूच्या मागच्या खालच्या भागात उलटीचं जे केंद्र आहे तिथे जाऊन बसतं. डिसेंबर २०२३मध्ये नेचर मासिकात केंब्रिजचे स्टीफन ओराहिली आणि मार्लेना फेझो यांच्या गटाचं संशोधन आलं होतं, त्यात दिसलं की गरोदर व्हायच्या आधी ज्या बायकांच्या रक्तात हे प्रोटीन कमी असतं त्यांना नंतर जास्त त्रास होतो, कारण शरीराला त्याची सवयच नसते. फेझोबाईंना स्वतःला हा आजार झाला होता. म्हणजे मनात बाळ नकोय म्हणून उलट्या होतात, सासरी जमत नाही म्हणून होतात, हे जे एकेकाळी डॉक्टरसुद्धा म्हणायचे, ते सगळं गेलं बाराच्या भावात. घरी मात्र सासूबाईंना हे प्रोटीन वगैरे पटलं नाही, त्यांना पटलं ते इंग्लंडच्या राजघराण्यातल्या केट मिडलटनमुळे. तिलाही डिसेंबर २०१२मध्ये याचसाठी लंडनला हॉस्पिटलात ठेवलं होतं. "राणीच्या घरातसुद्धा?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना स्वतःहून ऐकवलं.

घरी आल्यावर लगेच सगळं बरं झालं असं नाही. राखीपौर्णिमेला, १९ ऑगस्टला, पुन्हा ड्रिप लागली, या वेळी डे-केअरमध्ये, चार-पाच तासांत सोडलं, २,३०० रुपये. असं ऑगस्टभर अधूनमधून चाललं. ते पैसे आमच्या इन्शुरन्समधून मिळाले नाहीत, चोवीस तासांचं अ‍ॅडमिशन लागायचं, पण डॉक्टरांना विचारून ठेवा की पाणी टिकेनासं झालं तर अ‍ॅडमिट होण्याची वेळ येण्याआधीच डे-केअरला येऊ का. दोन वेळची मोठी पडझड त्याने वाचली.

खाण्यात जे पहिल्यांदा टिकलं ते म्हणजे परमल, आपले मुरमुरे. फ्रिजमध्ये ठेवलेले, कोरडे, मीठ-तिखट काही नाही, एका वेळी बशीच्या कडेला मावतील एवढे. गारच का, तर गार खाण्याला वास कमी येतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून एक एक खडा चघळायचा, पिण्यापेक्षा ते टिकायचं. खाणं आणि पाणी कधीच एकदम नाही, मध्ये अर्धा तास. पौष्टिक काय, दूध घे, बदाम घे, या सगळ्याला मी दारातूनच नाही म्हणायला शिकले, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आत्ता जे राहील ते खायचं, बाळ आईच्या साठ्यातून घेतं. लोहाची गोळी त्यांनी बंद केली होती, तिने मळमळ वाढते. फॉलिक ॲसिड चालू.

मनाचं थोडं लिहिते. ऑगस्टच्या शेवटी एका रात्री मला वाटलं की हे मूल नको, काहीही नको, नुसतं थांबव. नवऱ्याला सांगितलं. तो गप्प बसून राहिला, मग म्हणाला उद्या डॉक्टरांना हेच सांगूया, आणि डॉक्टर अजिबात दचकल्या नाहीत, म्हणाल्या माझ्या अशा बहुतेक पेशंटना एकदा तरी वाटतं. त्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, तिकडच्या बाईंशी मी दोनदा बोलले. हिंदीत बोलले, रडले पण हिंदीतच, त्याचं मलाच हसू आलं.

आता रजेचं. ऑफिसने आधी सिक लीव्ह संपवली, मग अर्न्ड, मग म्हणाले बिनपगारी घ्या, नाहीतर मॅटर्निटी आत्ताच सुरू करा. मॅटर्निटी २६ आठवडे, पण प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त आठच घेता येतात, त्यामुळे ते शक्यच नव्हतं. माझ्या नणंदेची मैत्रीण वकील आहे, तिने तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या मॅटर्निटी बेनिफिट ॲक्टमधलं कलम १० वाचायला लावलं. गरोदरपणामुळे झालेल्या आजारासाठी, दाखला दिला तर, २६ आठवड्यांच्या वर एक महिन्यापर्यंत पगारी रजा. एचआरच्या मुलीने हे ऐकलंच नव्हतं, तिची चूक नाही, कुणी मागतच नाही. मी ईमेल केला, सोबत डिस्चार्ज समरी, डॉक्टरांचं सर्टिफिकेट ज्यात "आजार गरोदरपणामुळे" असे शब्द होते आणि विश्रांतीच्या तारखा होत्या, आणि वहीच्या पानांचे फोटो. ईमेलच करा, फोनवर बोलू नका. वर गेलं, लीगलकडे गेलं, दोन आठवडे उत्तर नाही, मी दर सोमवारी त्याच ईमेलखाली एक ओळ लिहायची. सप्टेंबरच्या मध्यावर मंजूर झाली, मागच्या तारखेपासून.

७ सप्टेंबरला गणपती बसले, उकडीच्या मोदकांची वाफ आली तेव्हा मी वरच्या खोलीत दार लावून होते, पण आरतीला खाली आले आणि पूर्ण आरतीभर उभी राहिले. गौरी जेवल्या त्या दिवशी वरणभाताचे चार घास राहिले. नंतर कधी उलट्या थांबल्या असं तारखेने सांगता येत नाही, वहीत बघितलं तर नोंदी विरळ होत गेल्यात. नवरात्रात मी अष्टमीला पुरी खाल्ली. ऑक्टोबरच्या मध्यावर मोठी सोनोग्राफी झाली, पुन्हा फॉर्म एफ, बाळाचं वजन आठवड्यांप्रमाणे बरोबर, जे बघून मी पहिल्यांदा नीट झोपले. सकाळी रिकाम्या पोटी एखादी उलटी मात्र थेट फेब्रुवारीपर्यंत व्हायची.

क्लेम मी ५ सप्टेंबरला टाकला होता, आमच्या पॉलिसीत डिस्चार्जपासून ३० दिवसांची मुदत, तुमची बघून घ्या. क्लेम फॉर्मचा पार्ट ए आपण भरायचा, पार्ट बी हॉस्पिटलने, आणि पार्ट बीसाठी माझ्या नवऱ्याला दोन चकरा माराव्या लागल्या, त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी खालून हलायच्या आधीच शिक्का घ्या. सोबत डिस्चार्ज समरी, आयटमवार बिल, पैसे भरल्याची पावती, तपासणीचे रिपोर्ट, औषधांची बिलं आणि प्रत्येकाचं प्रिस्क्रिप्शन, कॅन्सल चेक, आधार, पॅन. ओरिजिनल द्यायच्या आधी सगळं स्कॅन करा. २० सप्टेंबरला तीच क्वेरी पुन्हा, अ‍ॅडमिशनची गरज काय होती. या वेळी केसपेपरचं ते पान जोडलं ज्यावर डॉक्टरांनी वहीतले आकडे उतरवले होते, जूनचं वजन, ऑगस्टचं वजन, आदल्या दिवसांत टिकलेलं पाणी, लघवीच्या नोंदी, खाली पोटॅशियमचा रिपोर्ट. त्यानंतर काही विचारलं नाही. १४ नोव्हेंबरला २५,११० जमा झाले, हातमोजे, अ‍ॅडमिशन किट आणि रजिस्ट्रेशनची फी वगैरे कापून. मार्चमध्ये डिलिव्हरीच्या वेळी मॅटर्निटीचे २४,८९० उरले होते आणि बिल त्याच्या दुपटीहून जास्त, तेव्हा तो फरक आधीपासून बाजूला काढून ठेवा, आम्ही दिवाळीच्या बोनसमधून काढला होता.